हॉलमध्ये स्वच्छ ऐकू आलं, मग रेकॉर्डिंगमध्ये का घुमतंय?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय ना ते कळेल. आजीच्या पंच्याहत्तरीला कर्वे रोडजवळच्या एका कार्यालयात मावशीने अभंग म्हटले, तुम्ही सहाव्या रांगेत बसून फोनवर रेकॉर्ड केले. तिथे शब्द न शब्द कळत होता. घरी येऊन लावलं तर आवाज घुमतोय, मागे पंख्यांची घरघर आहे, वरच्या सुरांना आवाज फाटतोय, आणि आजी म्हणतात गाणं गोड आहे पण काय म्हणतीये ते कळत नाही. भावाचं म्हणणं, फोनचा माईक भंगार, वीस-पंचवीस हजारांचा चांगला माईक घेऊन टाका. तुम्ही विचारलंय की घ्यावा का, आणि आहे त्या फाईलचं काही होईल का.

माईक अजून घेऊ नका. मी पुण्यात बरीच वर्षं बैठकी, कीर्तनं, एकांकिका रेकॉर्ड करते आणि हा प्रश्न मला जवळजवळ याच शब्दांत येत असतो. सगळ्यांचा पहिला संशय माईकवर जातो. पण रेकॉर्डिंगमध्ये जे घुमणं ऐकू येतंय ते त्या हॉलमध्ये खरोखरच होतं, पंखेही होते, फक्त फाटणं तेवढं फोनने वर घातलेलं आहे. तुम्ही तिथे बसला होतात तेव्हा तुमच्या कानांनी आणि मेंदूने ते सगळं बाजूला सारून मावशीचा आवाज तुमच्यापुढे ठेवला, आणि हे इतकं मुकाट्याने होतं की हॉलच चांगला होता असं आपल्याला वाटतं. तेव्हा आधी हे बघायला हवं की कान कुठला बिघाड आपणहून दुरुस्त करतो, त्यासाठी त्याला काय लागतं, आणि आपण रेकॉर्ड करताना त्यातलं काय काय त्याच्या हातातून काढून घेतो.

हॉल केवढा होता, छत पीओपीचं का पत्र्याचं, खाली फरशी का सतरंज्या, मावशी साऊंडवाल्याच्या माईकवर गात होत्या का तशाच, फोन कुठला, यावर बरंच काही अवलंबून आहे आणि ते तुम्ही लिहिलेलं नाही. म्हणून आकडे मी साधारण घेते. आणि ऐकणारं माणूस कोण यावर तर सगळ्यात जास्त अवलंबून आहे, त्याकडे शेवटी येते.

घुमण्यापासून सुरू करू. एक गोष्ट आजच करून बघा. एखाद्या रिकाम्या, फरशीच्या खोलीत, नाहीतर सोसायटीच्या जिन्यात कुणालातरी चार-पाच मीटरवर उभं करून बोलायला लावा. आधी दोन्ही कानांनी ऐका, मग एका कानात बोट घट्ट घाला. लगेच खोली घुमायला लागेल आणि बोलणारा लांब गेल्यासारखा वाटेल. बोट काढलं की घुमणं मागे सरतं. खोली तीच, बोलणारा तोच, तरी एका बोटाने एवढा फरक पडतो. बेल लॅब्ज या अमेरिकेतल्या दूरध्वनी संशोधन संस्थेच्या कोनिग यांनी १९५० साली हेच लिहून ठेवलंय की दोन कानांनी ऐकताना खोलीचा घुमारा दबतो. दोन कानांना येणाऱ्या आवाजात वेळेचा आणि जोराचा बारीक फरक असतो, थेट आलेला आवाज एका दिशेने येतो आणि भिंतींवरून आलेला सगळीकडून, या फरकावर मेंदू थेट आवाज वेगळा काढतो. तुमच्या फोनने बहुधा एकाच माईकने, किंवा दोन माईकचं मिळून एकच करून रेकॉर्ड केलं. म्हणजे तुम्ही आख्खा कार्यक्रम एका कानात बोट घालून ऐकल्यासारखा साठवून ठेवलाय, आणि आता ते बोट काढता येत नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. आवाज १ मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. मावशींचा थेट आवाज तुमच्यापर्यंत आला, मग १५-२० मिलिसेकंदांनी बाजूच्या भिंतीवरून तोच परत आला, मग छतावरून, मग मागच्या भिंतीवरून. १९४९ साली हेल्मुट हास यांनी जर्मनीत आणि वॉलॅक, न्यूमन, रोझेनझ्वाइग यांनी अमेरिकेत स्वतंत्रपणे दाखवलं की बोलण्याच्या बाबतीत साधारण ३०-४० मिलिसेकंदांच्या आत आलेली आवृत्ती कान वेगळी मोजतच नाही, पहिल्या आवाजात मिसळून टाकतो आणि दिशा मात्र पहिल्याचीच धरतो. हासना तर असं दिसलं की मागून आलेली आवृत्ती १० डेसिबलने मोठी असली तरी ती पहिल्याला झाकत नाही. आमच्या धंद्यात यावर रोजची भाकरी आहे. मोठ्या मांडवात मागच्या लोकांसाठी लावलेल्या स्पीकरला आम्ही मुद्दाम डिले देतो, स्टेजवरचा आवाज आधी पोचला पाहिजे आणि मागचा स्पीकर दहा-वीस मिलिसेकंदांनी उशिरा, मग शेवटच्या रांगेतल्या माणसालाही वाटतं गायक समोरूनच गातोय, बाजूचा खांब नाही. डिले चुकला की तोच माणूस मान वळवून स्पीकरकडे बघायला लागतो.

पण ही सगळी सूट सुरुवातीच्या परावर्तनांना आहे. त्यानंतरचं जे शेपूट असतं, फरशी, काच आणि सपाट छत असलेल्या कार्यालयात दोन-अडीच सेकंद लोंबकळणारं, ते शब्दांवर पडतंच. अभंगात स्वर लांब असतात, 'आ'काराचं शेपूट पुढच्या 'त'वर, 'क'वर सांडतं आणि व्यंजन त्याखाली बुडतं. तुम्ही सहाव्या रांगेत, समजा मावशींपासून दहा मीटरवर होतात. थेट आवाज अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबलने पडतो, पण घुमारा हॉलभर जवळजवळ सारखाच असतो. म्हणजे तुमच्या फोनपाशी घुमारा जास्त आणि मावशी कमी असाच हिशोब होता.

मग तुम्हाला शब्द कसे कळले? एक तर दोन कान, ते सांगितलं. दुसरं म्हणजे तुम्हाला मावशींचे ओठ दिसत होते, आणि गोंगाटात ओठ दिसण्याने शब्द किती जास्त कळतात हे सम्बी आणि पोलॅक यांनी १९५४ मध्येच मोजलंय. तिसरी गोष्ट मला स्वतःला सगळ्यात जास्त आवडते, ती म्हणजे कान खोली शिकतो. रीडिंग विद्यापीठातल्या अँथनी वॉटकिन्स यांनी २००५ मध्ये एक प्रयोग छापला. इंग्रजीतले दोन शब्द, 'सर' आणि 'स्टर', फरक फक्त मधल्या 'ट'च्या क्षणभराच्या शांततेचा. घुमाऱ्याने ती शांतता भरून टाकली की 'स्टर'चं 'सर' ऐकू येतं. पण त्या शब्दाच्या आधीचं वाक्यही तेवढ्याच घुमणाऱ्या खोलीतलं असलं तर लोकांना 'स्टर' परत 'स्टर' ऐकू यायला लागतो. आधीच्या वाक्यावरून कानाने शेपूट किती लांब आहे याचा अंदाज घेतलेला असतो आणि पुढच्या शब्दातून तो तेवढं वजा करतो. आधीचं वाक्य कोरडं आणि शब्द तेवढा घुमणारा असा जोड लावला की ही वजाबाकी होत नाही.

यातून मी एक सवय लावून घेतलीये आणि तुम्हालाही सांगते. रेकॉर्डिंग पहिल्या शब्दावर कचकन सुरू करायचं नाही. तंबोरा जुळतोय, कुणी खाकरतंय, टाळ ठेवल्याचा आवाज, असे पाच-दहा सेकंद आधी राहू द्यायचे, ऐकणाऱ्याच्या कानाला खोलीची ओळख होऊ द्यायची. आणि दोन वेगळ्या जागांवरून घेतलेले तुकडे एकाला एक जोडायचे नाहीत. जोड कुठे आहे हे सांगता येत नाही, पण तिथला शब्द लोक हटकून चुकीचा ऐकतात.

आवाजाच्या रंगाचंही असंच. पिवळ्या बल्बखाली पांढरा सदरा आपल्याला पांढराच दिसतो ना, तसं एखादा स्पीकर सगळ्याच आवाजाला सारखा मंद किंवा सारखा पातळ करत असेल तर थोड्या वेळात कान तो रंग वजा करून टाकतो. ब्रॉडबेंट आणि लॅडफोगेड यांनी १९५७ मध्ये दाखवलं होतं की शब्द अजिबात न बदलता फक्त आधीच्या वाक्याचा रंग बदलला तर त्या शब्दातला स्वर लोकांना वेगळा ऐकू येतो. ऐकण्यासाठी ही देणगी आहे पण मिक्सिंग करणाऱ्याला जड जाते, कारण अर्धा तास मंद आवाजावर काम केलं की तो मंद वाटतच नाही. म्हणून माझ्याकडे नेहमीचं, पाठ झालेलं एक रेकॉर्डिंग असतं, मध्ये मध्ये ते लावून कान ताळ्यावर आणते. आणि विसर्जन मिरवणुकीच्या दुसऱ्या दिवशी मिक्सिंगला बसत नाही, ढोल-ताशाजवळ काही तास उभं राहिल्यावर ऐकण्याचा उंबरठा तात्पुरता वर सरकलेला असतो, तेव्हा इक्यू, म्हणजे खालच्या-वरच्या पट्ट्या कमी-जास्त करायचं साधन, लावला तर वरचा भाग हमखास जास्त लागतो.

इथे एक गाठ बांधून ठेवा, पुढे लागेल. कान वजा करू शकतो तो बिघाड स्थिर असला तर. घुमारा जेवढ्यास तेवढा, रंग जेवढ्यास तेवढा, घरघर जेवढ्यास तेवढी, मग तो शिकतो. बिघाड क्षणाक्षणाला बदलत असेल तर शिकायला काही उरत नाही. आणि फोन नेमकं तेच करतात. आवाज कमी झाला की फोन आपोआप गेन, म्हणजे माईकचा आवाज किती मोठा करून घ्यायचा ते, वाढवतो, मावशींनी श्वास घेतला की पंखे वर येतात, त्यांनी सूर लावला की पंखे खाली. हॉलमध्ये पंख्यांची घरघर एकसारखी होती म्हणून दहा मिनिटांत तुमच्या लक्षातूनही गेली असेल. रेकॉर्डिंगमध्ये ती श्वासागणिक फुगते आणि बसते, म्हणून ती छळते.

आता भोकं भरण्याबद्दल, कारण यात लोक फार नुकसान करून घेतात. रिचर्ड वॉरन यांनी १९७० मध्ये एका वाक्यातला एक ध्वनी कापून काढला आणि त्या जागी खोकल्याचा आवाज बसवला. ऐकणाऱ्यांना वाक्य पूर्ण ऐकू आलं, काही गेलंय हेच कळलं नाही, आणि खोकला नेमका कुठल्या अक्षरावर आला तेही सांगता आलं नाही. पण त्याच जागी खोकल्याऐवजी नुसती शांतता ठेवली तर भोक लगेच कळलं. म्हणजे वर काहीतरी आवाज असला तर मेंदू समजतो की अक्षर त्याखाली असणारच, आणि ते भरून घेतो. कोरी शांतता असली तर भरायला आधारच नाही. म्हणून नॉइज काढणारी ॲप पूर्ण जोरात लावू नका. ती घरघरीबरोबर 'स', 'श', 'फ'सारखे घासणारे आवाजही खातात आणि मध्ये मध्ये कोरी भोकं पाडतात. ऐकायला 'क्लीन' वाटतं, शब्द मात्र अजून कमी कळतात. थोडी एकसारखी घरघर राहिलेली मला परवडते. फोनच्या जाळ्यांतही बोलणारा थांबला की मुद्दाम हलकी खरखर सोडतात, ती सोडली नाही तर समोरच्याला वाटतं फोन कट झाला.

आता फाटण्याकडे, कारण तो वेगळाच प्राणी आहे. गेन जास्त झाला, रेकॉर्डिंगचा मीटर शून्याला, म्हणजे त्याच्या वरच्या टोकाला, टेकला की लाटेचे शेंडे सपाट कापले जातात, यालाच क्लिपिंग म्हणतात. गंमत अशी की अर्थ एवढ्यानेही मरत नाही. लिकलायडर आणि पोलॅक यांनी १९४८ मध्ये बोलण्याची लाट इतकी कापली की फक्त वर आणि खाली एवढंच उरलं, तरी लोकांना बोलणं बरंचसं कळत होतं. पण ते कळतं कष्टाने. गाणं ऐकायला बसलेल्या माणसाकडून हे कष्ट घेणं मला पटत नाही, आणि गळ्याचा पोत तर त्यात जातोच.

याचा अर्थ कानाला सगळंच डिस्टॉर्शन, म्हणजे लाटेचा आकार बिघडणं, नको असतं असं नाही. तंबोऱ्याची जवारी बघा. घोडी, म्हणजे तारा ज्यावर टेकतात ती पट्टी, आणि तारेमध्ये सुताचा धागा सरकवत सरकवत आपण काय करतो, तर तार घोडीच्या सपाट पाठीवर घासून थरथरेल असं करतो, म्हणजे साध्या लाटेत मुद्दाम वरचे स्वरांश, मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट अशा पटींतले बारीक स्वर, घालतो. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये तंबोरा आणि वीणेच्या घोडीवर लिहिलंय. जिथे तार छेडाल तिथे ज्या स्वरांशाचा स्थिर बिंदू येतो तो उमटू नये असा जुना नियम, तो या घोडीवर मोडतो असं त्यांनी दाखवलं. काळी एक या पट्टीच्या पुरुषी तंबोऱ्याचा खर्ज साधारण ६९ हर्ट्झचा, त्याचा पाचवा अंश ३४६ हर्ट्झच्या आसपास, आणि तो म्हणजे आपला स्वयंभू गंधार. चांगल्या जवारीतून तो आपणहून झरतो आणि ऐकणाऱ्याचं मन भरतं.

मग जवारी गोड आणि क्लिपिंग कडू, असं का? दोन कारणं आहेत. पहिलं झाकण्याचं. मोठा स्वर वाजत असला की त्याच्या जवळचे, खास करून त्याच्या वरच्या बाजूचे बारीक आवाज कानाला ऐकू येत नाहीत. दुसरा, तिसरा अंश असा जवळच असतो, शिवाय तो तार षड्ज आणि त्याच्या वरचा पंचम, म्हणजे सुरातलाच, म्हणून थोडासा वाढला तर आवाज भरलेला वाटतो. कचकन कापलेल्या लाटेतून सातवा, अकरावा, तेरावा असे लांबचे अंशही निघतात, ते या झाकणाच्या बाहेर पडतात आणि आपल्या स्वरांत नीट बसतही नाहीत.

दुसरं कारण दोन स्वर एकत्र फाटण्याचं. समजा षड्ज २४० हर्ट्झ आणि पंचम ३६० एकाच वेळी अशा फाटणाऱ्या रेकॉर्डिंगमधून गेले. फाटताना बेरजा-वजाबाक्या तयार होतात. ३६० वजा २४०, १२०. दोनदा ३६० वजा २४०, ४८०. सगळे षड्जच, खालचा आणि वरचा. आता षड्जाबरोबर पेटीवर तीव्र मध्यम धरा, ३३७.५. वजाबाकी ९७.५, दोनदा २४० वजा ३३७.५ म्हणजे १४२.५, आणि दोनदा ३३७.५ वजा २४० म्हणजे ४३५. यातला एकही नीट स्वरावर बसत नाही. म्हणून तंबोऱ्यावर एकटा गळा थोडा फाटला तर निभतं, पण पेटी, टाळ, गळा, मागे कोरस असं सगळं एकदम फाटलं की चिखल होतो. तुमच्या फाईलमध्ये वरच्या सुराला सगळे टाळकरी एकत्र आले असतील तिथे सगळ्यात वाईट वाटत असेल, बघा तपासून.

आणि कान स्वतःही हे गणित करतो. दोन शुद्ध स्वर कानात गेले की आतल्या शंखासारख्या नळीत तिसरा तयार होतो, खालच्या स्वराची दुप्पट वजा वरचा स्वर. व्हायोलिनवादक तार्तिनी यांना अठराव्या शतकातच असे तिसरे स्वर ऐकू आले होते. डेव्हिड केम्प यांनी १९७८ मध्ये कानातून बाहेर येणारा आवाज माईकने पकडून दाखवला, आणि आज नवजात बाळाच्या कानात दोन स्वर सोडून हा तिसरा परत येतो का यावरून आतलं यंत्र चालू आहे ना ते तपासतात. आपण जन्मभर या थोड्याशा डिस्टॉर्शनमधूनच ऐकत आलोय. त्यामुळे कमी, हळूहळू वाढणारं, जवळच्या अंशांचं बिघडणं कानाला ओळखीचं आहे आणि एकदम शेंडे छाटणं अनोळखी, असं माझं मत आहे.

आता आजी. हे मी मुद्दाम मागे ठेवलं होतं. आपल्या प्रत्येक कानात साधारण बारा हजार बाहेरच्या केशपेशी असतात, त्या हळू आवाज आतल्या आत मोठा करतात आणि जवळजवळचे स्वर वेगळे काढायला मदत करतात. वयाने आणि गोंगाटाने त्या झिजतात, आणि माणसात परत उगवत नाहीत. आधी वरच्या पट्टीच्या जातात. 'आ', 'ओ', 'ई' ऐकू येत राहतात, 'स', 'त', 'क', 'ठ' पुसट होतात. म्हणून आजी म्हणतात गाणं गोड आहे पण शब्द कळत नाहीत, त्या अगदी अचूक सांगतायत. आवाज मोठा करून हे भागत नाही, कारण मोठा आवाज त्यांनाही आपल्याइतकाच मोठा लागतो, जेमतेम ऐकू येणारा आवाज आणि फार मोठा आवाज यांमधलं अंतर तेवढं आक्रसलेलं असतं. घुमाऱ्यातून शब्द वेगळा काढण्याची ताकदही या वयात कमी होते. जे रेकॉर्डिंग तुम्हाला आणि मला चालून जाईल ते त्यांना चालणार नाही. त्यांच्यासाठी रेकॉर्ड करायचं तर आपल्याला थोडं जास्तच कोरडं वाटेल इतकं कोरडं करावं लागतं. (आणि त्यांची ऐकण्याची तपासणी झाली नसेल तर एकदा ऑडिओलॉजिस्टकडे नेऊन आणा, हे रेकॉर्डिंगपेक्षा महत्त्वाचं.)

मग पुढच्या वेळी काय करायचं. फोन तोच चालेल, जागा बदला. दहा मीटरवरून अर्ध्या मीटरवर आणलात तर अंतर वीस पटीने कमी होतं आणि थेट आवाज घुमाऱ्याच्या तुलनेत २६ डेसिबलने वर येतो. पंचवीस हजारांचा माईक सहाव्या रांगेत ठेवून हे मिळणार नाही, तो तुम्हाला तोच घुमारा जास्त स्वच्छ रेकॉर्ड करून देईल. फोन छोट्या स्टँडवर, तोंडासमोर न धरता थोडा खाली आणि बाजूला, म्हणजे 'प', 'भ'चे फुंकर लागणार नाहीत. पेटी ज्या चौरंगावर आहे त्यावर ठेवू नका, भात्याचे ठोके येतात. गेन हाताने लावता येईल असं रेकॉर्डिंग ॲप घ्या आणि ऑटो बंद करा. मावशींना सगळ्यात वरचा सूर, पूर्ण जोरात, आधी लावायला सांगा आणि मीटर उणे १२ च्या आसपास राहील एवढाच गेन ठेवा. ॲपमध्ये २४ बिट हा पर्याय असेल तर तोच निवडा, मग कमी घेतल्याने काही जात नाही. नंतर वाढवता येतं, कापलेला शेंडा परत येत नाही.

दुसरा फोन सहाव्या रांगेत चालू ठेवलात तर उत्तम. नंतर जवळच्या आवाजात तो हलकासा मिसळायचा, हॉलचा वास येण्यापुरता. दहा मीटरवरचा फोन जवळच्या फोनपेक्षा साधारण २८ मिलिसेकंद मागे असेल, गळ्यासाठी ते कान सांभाळून घेतो पण तबल्याच्या किंवा टाळांच्या ठोक्याला घेत नाही, तुटक आवाजाची दोन टोकं काही मिलिसेकंदांतच वेगळी ऐकू यायला लागतात. त्यामुळे टाळ असतील तर तो ट्रॅक पुढे सरकवून जुळवून घ्या. साऊंडवाल्याच्या मिक्सरमधून फीड मिळाला तर घ्या, पण त्यावर एकट्यावर विसंबू नका, जे हॉलमध्ये माईकशिवाय मोठं ऐकू येतं ते मिक्सरमध्ये नसतं, आणि टाळ बहुतेक वेळा त्यात गायबच असतात.

आहे त्या फाईलचं आता. पहिलं काम म्हणजे व्हॉट्सॲपवरून फिरलेली नको, फोनमधली मूळ फाईल काढून कॉपी करून ठेवा. ती चांगल्या हेडफोनवर ऐका, फोनच्या स्पीकरवरून निर्णय घेऊ नका. त्या स्पीकरमधून साधारण ३०० हर्ट्झखालचं फारसं बाहेरच पडत नाही, खर्ज आपल्याला ऐकू येतो तो वरच्या अंशांवरून मेंदूने बांधलेला असतो, त्यामुळे खालच्या पट्टीत पंख्यांची आणि घुमाऱ्याची किती गर्दी आहे ते तिथे कळतच नाही. मग १०० हर्ट्झच्या खालचं कापा, मावशींच्या गळ्यात तिथे काही नाही. २०० ते ४०० मध्ये तीन-चार डेसिबल कमी करा, २ ते ४ हजारांत दोन-तीन वाढवा, व्यंजनं तिथे असतात आणि कानाची नळीही तिथेच सगळ्यात जास्त साथ देते. फाटलेल्या जागी डीक्लिप, घुमाऱ्यासाठी डीरिव्हर्ब अशी साधनं मिळतात, ती अंदाजाने भरतात, हलक्या हाताने लावलीत तर काही प्रमाणात फरक पडेल. प्रत्येक पायरीनंतर मूळ फाईल एकदा परत ऐका, नाहीतर कान नव्या रंगाला सरावतो आणि आपण हात मारत राहतो.

आणि सगळ्यात जास्त उपयोग होईल असं शेवटी सांगते, याला पैसे लागत नाहीत. मावशींकडून अभंगांचे शब्द लिहून घ्या आणि व्हिडिओवर मोठ्या अक्षरात, ओळ सुरू व्हायच्या थोडं आधी दिसतील असे टाका. मावशींचा चेहरा जवळून दिसेल एवढा व्हिडिओ कापून घ्या. मॅट डेव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये भयंकर बिघडवलेल्या बोलण्यावर प्रयोग केले होते, आधी एक शब्दही कळत नाही असं वाक्य, पण काय म्हटलंय ते कळल्यावर किंवा वाचल्यावर तेच परत लावलं की स्वच्छ ऐकू येतं. हा भास म्हणून सोडून देऊ नका, अशा वाक्यांवर सराव झाल्यावर त्याच प्रकारची नवी वाक्यंही लोकांना कळायला लागतात. आजींना ओळ आधी दिसली तर ती त्यांना ऐकू येईल, आणि दोन-तीनदा बघून झाल्यावर कदाचित अक्षरांकडे न बघताही.

फाईलचा फाटलेला एखादा तुकडा आणि हॉलचा एक फोटो टाकलात तर नेमकं कुठे किती कापायचं ते सांगते. आणि पुढचा कार्यक्रम ठरला की जागा बघायला जाल तेव्हा मावशी जिथे बसणार तिथे उभं राहून एक टाळी वाजवा, शेपूट किती वेळ लोंबतं ते मोजून लिहा, त्यावरून फोन कुठे ठेवायचा ते ठरवू.